गच्चीवरचा राब

पाथर्डी फाट्याच्या ‘मृगधारा’ सोसायटीत गच्चीच्या दारावर एक पाटी होती. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं: ‘गच्चीवर पापड, कुरडया, शेवया, मिरच्या वाळवण्यास सक्त मनाई. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ हे सेक्रेटरी म्हणजे आपले गोटीराम आहेर. पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली, स्वतः ठोकली, आणि ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा ‘आई गं’ सुद्धा दबक्या आवाजात म्हणाले. सेक्रेटरी कळवळतोय हे खालच्या मजल्याला कळणं बरं दिसलं नसतं.

पाटीमागचं कारण असं की गच्चीवर नुकताच डांबराचा जाड थर देऊन वॉटरप्रूफिंग झालं होतं. उन्हानं डांबर मऊ पडतं आणि कुरडयांच्या खाटांचे पाय त्यात रुततात, असं कंत्राटदारानं गोटीरामांच्या कानात सांगितलं होतं. आता तिसऱ्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली राहणाऱ्या वत्सलाबाई गेली चाळीस वर्षं कुरडया घालत होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी त्या गॅलरीत घातल्या आणि कबुतरांनी त्यांचं जे काही केलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून वत्सलाबाई गोटीरामांशी थेट बोलत नसत. जिन्यात भेट झाली की भिंतीकडे बघून बोलत, आणि भिंतीनं ते गोटीरामांना कळवावं अशी अपेक्षा असे.

गोटीराम अंबडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होते. हा मनुष्य घरातसुद्धा जिऱ्याचा डबा उघडून ‘किमान साठ्याच्या खाली गेलंय’ असं म्हणायचा, आणि सुवर्णावहिनी कपाळाला हात लावायच्या. अशा शिस्तीच्या माणसाला रक्तातली साखर मात्र काबूत ठेवता आली नाही. डॉक्टरांनी गव्हाची पोळी तोडली आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी लावून दिली. मग पहिली पाळी सुटली की गोटीराम दर बुधवारी स्कूटर काढून नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात जायला लागले. तिथे पेठ तालुक्याच्या डोंगरातून येणाऱ्या नवसाबाई लालबुंद नागली घेऊन बसत. साठीच्या पुढची बाई, बोलणं कमी, मापाला हात सढळ. दोन वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात एका बुधवारी गोटीराम गेले, तर नवसाबाईंपुढे नुसती करवंदं.

“खायाला नाय रायली, दादा. बी हाय फक्त,” नवसाबाई म्हणाल्या.

मग जे कळलं ते असं. आदल्या वर्षी आषाढभर पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. डोंगरउतारावरची नागली उभी वाळली. ओढ्याकाठच्या एका तुकड्यात थोडीफार आली, तिच्यातून चार ओंजळी बी राखलं होतं. ही लाल, गरवी म्हणजे उशिरा पिकणारी नागली आता त्यांच्या पाड्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. बाकीच्यांनी दुकानातलं बी आणलं होतं. हे बी नवसाबाईंच्या आईनं लग्नात त्यांच्या ओटीत घातलेलं. यंदाही पाऊस तसाच वागला तर ते संपलं. हे सगळं नवसाबाईंनी करवंदं निवडता निवडता सांगितलं, पण ‘संपलं’ म्हणताना त्यांचा हात थांबला.

गोटीरामांमधला स्टोअरकीपर जागा झाला. सगळा माल एका गोडाऊनमध्ये ठेवायचा? अहो, कारखान्यात असं कुणी केलं तर त्याला मेमो मिळतो. गोटीरामांनी तिथेच उकिडवं बसून नवसाबाईंना समजावलं की निम्मं बी मला द्या, मी ते शहरात गच्चीवर लावतो, शहरात पाऊस नसला तरी नळ असतो, तुमच्याकडे बुडालं तर माझ्याकडे शिल्लक राहील. बोलता बोलता त्यांना आपलंच कौतुक वाटायला लागलं. नवसाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि शेती केलीय का, असं विचारलं. गोटीराम म्हणाले, आम्ही देवळ्याकडचे, वडिलांची कांद्याची शेती. हे खरंच होतं. लहानपणी सुट्टीत गेल्यावर वडील त्यांना कांद्यापासून लांब बसवत, हे त्यांनी सांगितलं नाही.

गोटीरामांनी पैशाचं पाकीट काढलं तशा नवसाबाई म्हणाल्या, “बी इकत नाय देत आमी. दोन ओंजळी न्या, चार आणून द्या. जमायचं नसलं तर आत्ताच सांगा.”

“आहेरांचा शब्द आहे,” गोटीराम छातीवर हात ठेवून म्हणाले. स्कूटरवर बसल्यावर त्यांना वाटलं की नुसता आपला शब्द दिला असता तरी चाललं असतं, सगळ्या आहेरांना मध्ये ओढायला नको होतं.

पुढच्या बुधवारी बी मिळालं आणि ते लावायची रीतही मिळाली. गोटीरामांनी ती कारखान्याच्या चलनाच्या पाठीमागे क्रमवार लिहून घेतली, आणि दुसऱ्या एका चलनावर आपला पत्ता लिहून नवसाबाईंना दिला. पहिली पायरी होती राब. ज्या तुकड्यात रोपं काढायची, तिथे शेण, वाळला पाला, गवत एकावर एक पसरायचं, वर मातीचा हात फिरवायचा, वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून सावकाश भाजू द्यायचं. बियाला राबाची ऊब दाखवायची, मग पेरायचं. ही नवसाबाईंच्या घरची रीत. रोपं वीतभर झाली की उपटून शेतात लावायची. नवसाबाईंनी गच्ची कधी बघितली नव्हती. त्यांना वाटलं, घराच्या वरच्या अंगाला असलेली एखादी जमिनीची पट्टी असेल. गोटीरामांनी राब कधी बघितला नव्हता. दोघांचं एकमेकांबद्दल मत फार चांगलं होतं, त्यामुळे कुणी जास्त चौकशी केली नाही.

आता माती आणायची. इथे तळमजल्यावरचे सहादूअण्णा आडवे आले. सहादूअण्णा म्हणजे निवृत्त तलाठी, आणि निवृत्त तलाठ्याइतका सल्ला जगात कुणाकडे शिल्लक नसतो. ते म्हणाले, माती हे गौण खनिज आहे, परवान्याशिवाय ढेकूळ हलवलं तरी दंड. गोटीराम नियमाचा माणूस. गेले एका कचेरीत. कोणत्या ते सांगत नाही, आपली कामं अजून तिथे पडायची आहेत. तिथल्या कारकुनानं फॉर्म पुढे ओढून क्षेत्र विचारलं. गोटीराम म्हणाले, दहा बाय बारा फूट. गट नंबर? तिसऱ्या मजल्याच्या वर. कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि अत्यंत सौम्यपणे गच्चीचा सातबारा आणायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला शेतकरी असल्याचा दाखला मागितला. तिसऱ्या खेपेला साहेबच नव्हते. ते वर्ष सिंहस्थाचं. सगळं शहर उकरलेलं, सगळे साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगमध्ये. कुंभमेळा आटोपला की या, असं सांगण्यात आलं.

नागली काही कुंभमेळ्यासाठी थांबणार नव्हती. मग सत्तावीस वर्षांत कारखान्याचा एक वायसर घरी न आणलेल्या या माणसानं पाथर्डी गावातून स्कूटरवर, पायांच्या मध्ये गोणी ठेवून, चोरून माती आणली. चौदा खेपा झाल्या. सहादूअण्णा ओट्यावर पेपर उघडून बसलेले असत, आणि पेपराआडून त्यांनी चौदाही खेपा मोजल्या. पंधराव्या खेपेला शेण होतं. त्या गोणीचा तळ बरोबर वत्सलाबाईंच्या दाराशी सुटला.

वत्सलाबाई बाहेर आल्या. त्यांनी पायपुसणं बघितलं, उंबरठा बघितला, आणि मग भिंतीला म्हणाल्या, “कुरडयांनी गच्ची खराब होते. शेणानं जिना पवित्र होत असेल.”

गोटीरामांनी मान खाली घालून जिना तीन वेळा धुतला. मोठ्या कामात मानापमान बघायचा नसतो, असं ते सुवर्णावहिनींना म्हणाले. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं की पेटवणार म्हणजे नेमकं काय, आणि तेही गच्चीवर? त्यावर गोटीरामांनी, राब कधी भडकत नाही, राब धुमसतो, असं तीन आठवड्यांच्या अनुभवानं सांगितलं.

जूनचा पहिला रविवार उजाडला. गोटीरामांनी आंघोळ करून गच्चीवर आधी प्लॅस्टिकचा कागद अंथरला. का, तर मातीनं वॉटरप्रूफिंग खराब होऊ नये. त्यावर चार बोटं माती, त्यावर शेण, त्यावर कडुनिंबाचा पाला. गवत कुठून आणायचं, म्हणून कारखान्यातलं पार्टस् गुंडाळून येणारं पॅकिंगचं गवत, साहेबांची लेखी परवानगी घेऊन, आणलं होतं. त्याला मशीनचं तेल लागलेलं असतं हे स्टोअरकीपरला माहीत असायला हवं. बी एका स्टीलच्या ताटात पसरून टाकीच्या कठड्यावर ठेवलं, ऊब दाखवायला. वाऱ्याची उलट बाजू शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, कारण गच्चीवर वारा चारी बाजूंनी येतो. शेवटी नमस्कार करून काडी ओढली आणि पाण्याची बादली घेऊन ते शेजारी खुर्ची टाकून बसले.

अर्धा तास राब चलनावर लिहिल्याप्रमाणे वागला. निळसर धूर, वाळल्या पाल्याचा खमंग वास. गोटीरामांना आपल्या पूर्वजांची आठवण येऊन भरून आलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापेक्षा थोडे खाली बसलोय. खुर्चीचे पाय डांबरात रुतत होते. उठून खुर्ची ओढावी तर ती येईना, आणि तेवढ्यात प्लॅस्टिक गेलं, तेलकट गवतानं जाळ धरला, खालचं डांबर चरचरायला लागलं. धूर काळा झाला. बादली ओतली तर तो आणखी काळा झाला. कठड्यावरून गेलेली केबलची वायर वितळून तुटली, आणि बाराच्या बारा घरांतला टीव्ही गेला. इतका वेळ धुरानं कुणी बाहेर आलं नव्हतं. टीव्ही गेल्यावर सगळे आले.

सहादूअण्णांनी अग्निशमन दलाला फोन केला. एरवी बंब यायला वेळ लागला असता, पण सिंहस्थाची तालीम म्हणून जवळच्याच मैदानावर जवान आठवडाभर खोटी आग विझवत होते. खरी आग मिळाल्यावर चार मिनिटांत दोन बंब दारात. त्यातले प्रमुख जिना चढून वर आले आणि काय जळतंय म्हणून विचारलं. गोटीराम खोकत म्हणाले, राब. प्रमुख नेमके सुरगाण्याकडचे, घरोघरी राब भाजणाऱ्या मुलखातले निघाले. त्यांनी क्षणभर त्या ढिगाकडे आपुलकीनं बघितलं.

“राब चांगला भाजलाय,” ते म्हणाले. “पण साहेब, हा शेतात भाजतात.”

आणि त्यांनी पाणी सोडायला सांगितलं. गोटीराम ‘ताट, ताट’ म्हणून ओरडले, पण पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. शेण, राख, माती, पाला, आणि कठड्यावरची नवसाबाईंच्या आईची नागली, सगळं एका फवाऱ्यासरशी पन्हळीकडे गेलं आणि पाइपातून इमारतीच्या मागच्या अंगाला उतरलं. ताट तेवढं पुढच्या बाजूला सहादूअण्णांच्या पायाशी पडलं, रिकामं.

त्या दुपारी गोटीराम आणि सुवर्णावहिनी चहाची गाळणी घेऊन गच्चीवरचा चिखल गाळत बसले. अकरा दाणे सापडले. नीट बघितल्यावर त्यातले सात वाळूचे निघाले. गोटीरामांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं, असं ते म्हणाले, पण धूर तेव्हा केव्हाच गेला होता.

सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी या नात्यानं इतिवृत्त गोटीरामांनाच लिहायचं होतं. ‘सेक्रेटरींच्या बेजबाबदार वर्तनाचा ही सभा तीव्र निषेध करते’ हे वाक्य त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली स्वतः सही केली. ‘तीव्र’ हा शब्द वत्सलाबाईंनी भिंतीमार्फत सुचवला होता.

पण निषेधाचं काही नाही, तो माणूस पचवतो. पचत नव्हत्या त्या दोन ओंजळी. गोटीरामांनी गंगेवर जाणं बंद केलं. घरात पुन्हा पोळ्या सुरू झाल्या, साखर वर गेली, डॉक्टर रागावले. पेठेकडे जूनच्या मध्याला दोन दिवस पाऊस पडला आणि त्यानं दडी मारली, हे पेपरात वाचल्यावर त्यांना झोप येईना. शेवटी न राहवून त्यांनी रविवार कारंज्यावरच्या दुकानातून लाल दिसेल अशी नागली आणली, मापून चार ओंजळी डब्यात भरली, आणि डबा देवघराच्या मागे ठेवला. देवासमोर ठेवायचं धाडस झालं नाही.

गेलेली अब्रू परत मिळवायला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. इमारतीच्या मागे, जिथे गच्चीचे पाइप आणि सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी पडे, तिथे महिन्याभरात हिरवंगार गवत दाटलं होतं. गोटीरामांनी नोटीस काढली: ‘मागील बाजूचं गवत काढून परिसर स्वच्छ करण्यात येईल.’ वत्सलाबाई भडकल्या. ते गवत नव्हतं, त्या दूर्वा होत्या. रोज सकाळी त्या त्यातल्या एकवीस खुडून गणपतीला वाहत होत्या, आणि डाळतांदळाचं धुवण आठवणीनं घालत होत्या. वत्सलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं होतं. म्हणून त्यांनी खात्रीसाठी सहादूअण्णांना नेऊन दाखवलं होतं. अण्णांनी उभ्या उभ्या सांगितलं की तीस वर्षं पीकपाहणी केलेल्या माणसाला दूर्वा कळत नाहीत काय. गोटीराम हट्टाला पेटले. जुलैच्या दुसऱ्या बुधवारी त्यांनी रजा घेऊन गवत काढणारा माणूस बोलावला.

तो विळ्याला धार लावत होता, तेवढ्यात फाटकाशी नवसाबाई उभ्या. हातात ते पत्त्याचं चलन, त्यावरचा पत्ता लोकांना वाचायला लावत त्या बाजारातून आल्या होत्या.

“बी द्या, दादा,” त्या म्हणाल्या.

पावसावर भरवसा ठेवून त्यांच्या मुलानं, काळूनं, राबात बी टाकलं होतं. रोपं बोटभर वर आली आणि उघडिपीनं करपली. त्यांच्याकडच्या दोन ओंजळी गेल्या. आता जे काही होतं ते गोटीरामांच्या गच्चीवर, या हिशेबानं बाई आल्या होत्या. गोटीरामांनी आत जाऊन डबा आणला. नवसाबाईंनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं चोळले, फुंकर मारली.

“हे माझं नाय.”

गॅलऱ्यांतून सगळी सोसायटी बघत होती. गोटीरामांनी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. गच्ची, डांबर, बंब, गाळणी, आणि दुकानातली नागलीसुद्धा. आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. नवसाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. ते बघून सहादूअण्णांनासुद्धा कलम आठवेना.

इतक्यात मागून वत्सलाबाईंचा आवाज आला. गवतवाल्यानं विळा उचलताच त्या सरळ जाऊन गवतात मांडी घालून बसल्या होत्या, आणि आधी मला काप म्हणत होत्या. सगळे तिकडे धावले. नवसाबाईही पाठोपाठ गेल्या, आणि गवताच्या कडेला थबकल्या. मग खाली बसून त्यांनी एक रोप मुळासकट उपटलं, बुंधा बघितला, नखानं सोलला, नाकाशी नेला.

“ही कुणी लावली?” त्यांनी विचारलं.

“देवानं,” वत्सलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

“नागली हाय ही,” नवसाबाई म्हणाल्या. “माझी.”

बंबाच्या पाण्यानं राख, शेण, माती आणि बी एकदमच खाली आणून टाकलं होतं, आणि पेठेला पाऊस नसताना इथे बारा घरांच्या मोऱ्या रोज वाहत होत्या. देवळ्याच्या आहेरांच्या वंशजाला महिनाभर ते गवत वाटलं होतं, आणि आज तो पैसे देऊन ते कापून घेणार होता. अण्णा म्हणाले की इथे उजेड कमी पडतो. वत्सलाबाईंनी महिनाभर गणपतीला नागली वाहिल्याचा विचार केला, हात जोडले आणि म्हणाल्या की त्यानं कुठे तक्रार केली.

मग सगळेच वाकले. कापायला आलेला माणूस उपटायला बसला. सुवर्णावहिनी जुड्या बांधत होत्या, सहादूअण्णा जुड्या मोजत होते, आणि मातीच्या त्याच गोण्या भिजवून त्यांत रोपं भरली जात होती. मध्येच नवसाबाई गोटीरामांना म्हणाल्या, “राब मातूर चांगला भाजला तुमी.” गोटीरामांनी हे दोनदा म्हणायला लावलं असतं, पण धीर झाला नाही. त्यांनी स्कूटरवरून गोण्या पेठच्या एसटीपर्यंत पोचवल्या. शेवटी एक कोपरा नवसाबाईंनी मुद्दाम तसाच सोडला होता. किमान साठा, गोटीराम मनात म्हणाले.

चार दिवसांनी पेठेकडे पाऊस लागला.

दिवाळीनंतर काळू आला. खाण्यासाठी पोतंभर नागली, आणि फडक्यात बांधलेलं दोन ओंजळी बी. तो म्हणाला, आईनं सांगितलंय, आहेरांचा शब्द पुरा झाला. गोटीरामांचा ऊर भरून आला आणि त्यांनी फडक्यासाठी हात पुढे केला. काळू जरा अवघडला.

“हे त्या दूर्वावाल्या आजीकडं द्यायचंय,” तो म्हणाला. “तुमच्याकडं नको म्हणली.”

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात गच्चीच्या दारावर नवी पाटी लागली. ठराव एकमतानं झाला होता, सूचक वत्सलाबाई. ‘गच्चीवर वाळवण घालण्यास परवानगी आहे. काडेपेटी नेण्यास सक्त मनाई. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ आत खाटांवर नागलीचे पापड पसरले होते, आणि कावळे हाकायला, ठराव क्रमांक दोनप्रमाणे, गोटीराम छत्री आणि काठी घेऊन बसले होते. ऊन चढलं तसे खुर्चीचे पाय डांबरात रुतायला लागले, पण ते उठले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हळूच हात लांबवून एक अर्धवट वाळलेला पापड उचलला. दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. ऑपरेशन झालं होतं, आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्या भिंतीला वगळून थेट गोटीरामांशी बोलल्या.

“आहेरभाऊ, पापड मोजलेत मी.”

गोटीरामांनी पापड जिथल्या तिथे ठेवला.